गाठीवाली सूत्रकृमी मूळ कसं शोधते: प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

गच्चीवरचा आजींचा टोमॅटो आज उपटला. आजी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. गच्चीच्या कठड्याला लागून त्यांनी अर्धे कापलेले निळे ड्रम आणि मासळीचे थर्माकोलचे खोके मांडलेत. त्यात टोमॅटो, वांगी, मिरची, अळू. गेले पंधरा दिवस त्यांची एकच तक्रार: टोमॅटो सकाळी टवटवीत असतो, दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी पुन्हा सावरतो. "पोरी, पाणी दोन्ही वेळ घालते मी. मग ह्याचं तोंड का उतरतं गं?"

पाणी कमी नव्हतंच. रोप मुळासकट उचललं तर मुळं आल्याच्या बारीक बोटांसारखी फुगलेली, वेडीवाकडी. आजींना वाटलं वालाच्या मुळांवर असतात तशा चांगल्या गाठी असतील. वालाची गाठ नखाने ढकलली की सुटून येते, कारण ती मुळाला बाहेरून चिकटलेली असते. ही सुटत नाही. इथे मूळच सुजलेलं असतं. एक गाठ ब्लेडने उभी चिरली आणि भिंगाखाली धरली. आत पांढरा, चकचकीत, साबुदाण्याहून कितीतरी लहान असा एक दाणा होता, एका बाजूला निमुळता. ही मादी. मुळावर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे मातीतली दोऱ्यासारखी बारीक कृमी, शास्त्रीय नाव मेलॉयडोगायनी.

आजींना सांगितलं की झाडाला तहान लागते पण पाणी वर चढवणारी वाटच आत तुंबली आहे. त्यांनी मूळ हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पण ही आली कुठून? आणि मातीत इतक्या काळोखात तिला कळलं कसं की इथे टोमॅटो आहे?"

प्रकल्पाचा विषय परवापर्यंत द्यायचा आहे. डासांच्या अळ्यांवरचा कागद मी बाजूला ठेवला.

१५ नोव्हेंबर

मॅडमनी विषय मान्य केला, पण कापून छोटा केला. "गाठ कशी होते, त्यावर खूप लिहून झालंय. तू आजींचाच प्रश्न धर. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू मुळापर्यंत पोचतं कसं, एवढंच."

दोन दिवसांच्या वाचनातून हाती आलेलं असं. पहिली कात ते अंड्यातच टाकतं, म्हणून बाहेर येतं ते दुसऱ्या अवस्थेतलं पिल्लू. लांबी साधारण ०.४ मिलिमीटर, जाडी त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास. डोळे नाहीत. मूळ सापडेपर्यंत ते काहीही खात नाही. अंड्यातून आणलेली चरबी हीच त्याची शिदोरी, ती संपली की ते संपलं. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यातूनच ते सरकतं. कोरड्या मातीत ते चालू शकत नाही, पूर्ण भरलेल्या पाण्यात नुसतं वळवळतं. म्हणजे वाट चुकणं त्याला परवडतच नाही.

ह्या गाठींची पहिली नोंद १८५५ सालची, इंग्लंडमध्ये काचघरातल्या काकडीच्या मुळांवर बर्कली यांनी केलेली. भारतात १९०१ मध्ये बार्बर यांनी दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यात पाहिली. तेव्हापासून ती भाजीपाल्यात आहेच. आपल्याकडे सोलापूर भागातल्या डाळिंबवाल्यांना ती वेगळी सांगावी लागत नाही.

२० नोव्हेंबर

अंडी काढली. हे काम मला फार आवडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मादीचं शरीर मुळात रुतलेलं असतं आणि मागचं टोक मुळाच्या सालीशी येतं. तिथे ती चिकट बलक सोडते आणि त्यात अंडी घालते. बलक आधी पांढरट असतो, मग पाकातल्या गुळासारखा तपकिरी होतो. एका पुंजक्यात काही शे अंडी. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्याने असा एक पुंजका उचलला तर तो चिकट थेंबासारखा ताणला गेला आणि सुटला. वॉचग्लासमध्ये पाण्यात ठेवून मोठ्या भिंगाने पाहिलं. अंडी राजम्याच्या आकाराची, आरपार दिसणारी, आणि काहींच्या आत पिल्लू चार घड्या घालून बसलेलं. एक पिल्लू आतून कवचाच्या एकाच जागी तोंडातला सुईसारखा सुळा टोचत होतं. टोचायचं, थांबायचं, पुन्हा तिथेच टोचायचं. मी अर्धा तास पाहिलं. लॅबमधले मामा दोनदा दिवा बंद करायला येऊन परत गेले.

इथेच एक गोष्ट नोंदवून ठेवते. आपल्या टोमॅटोतल्या ह्या जातीची अंडी उबवायला झाडाची हाक लागतेच असं नाही. ओल आणि ऊब पुरते. बटाट्याच्या पुटीवाल्या सूत्रकृमीचं मात्र उलट आहे. तिची अंडी पुटीत, म्हणजे मेलेल्या मादीच्या टणक कवचात, वर्षानुवर्षं निजून राहतात आणि शेजारी बटाट्याच्या मुळातून ठरावीक द्रव्य झिरपलं की जागी होतात. ही सूत्रकृमी १९६१ मध्ये निलगिरीत सापडली, म्हणून तिथल्या बियाण्याच्या बटाट्यावर बंधनं आली. सोयाबीनच्या पुटीवाल्या सूत्रकृमीला जागं करणारं द्रव्य जपानमध्ये मासामुने आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ओळखलं, ग्लायसिनोएक्लेपिन. तेही सोयाबीनच्या नाही, घेवड्याच्या मुळातून, आणि मुळांचे ढीग उपसून अगदी चिमूटभर हाती लागलं. झाडाने ते द्रव्य सूत्रकृमीसाठी बनवलेलं नसणार. जगताना मुळातून जे गळतं त्यावरच ही मंडळी कान ठेवून असतात.

२३ नोव्हेंबर

आजींच्या ड्रममधली माती बेरमान फनेलमध्ये लावली होती. चाडीत जाळी, जाळीवर टिश्यू, टिश्यूवर माती, खाली रबरी नळी आणि चिमटा. जिवंत कृमी पाण्यात उतरून नळीच्या तळाशी जमतात. बेरमान यांनी १९१७ मध्ये जावामध्ये हे माणसाच्या अंकुशकृमीसाठी जुळवलं, आणि आजही वनस्पतींच्या लॅबमध्ये तेच चालतं.

सकाळी चिमटा सैल केला तर थेंबात गर्दी. मी खूश होऊन शंभर मोजल्या. मॅडमनी डोळा लावला आणि विचारलं, "ह्यांच्या तोंडात सुळा दिसतोय का तुला?" नव्हता. त्या जीवाणू खाणाऱ्या मोकळ्या सूत्रकृमी निघाल्या, मातीला उपयोगी, झपाट्याने वळवळणाऱ्या. आपल्या पिल्लाला पोकळ सुईसारखा सुळा असतो आणि त्याची चाल संथ असते. शंभराचा तो आकडा खोडला. ह्यापुढे फक्त पुंजक्यांतून निघालेली पिल्लं वापरायची.

२६ नोव्हेंबर

शनिवारी उंच नळीत झाकण लावून ठेवलेली सगळी पिल्लं काल सरळ, ताठ, निश्चल. तळाशी दाटीवाटीने बसून प्राणवायू संपला. उथळ ताटलीत, बोटाच्या पेराहून कमी पाण्यात ठेवायला हवी होती. नवे पुंजके लावले. तीन दिवस गेले.

३० नोव्हेंबर

पिल्लं मुळाकडे जाताना बघायला अगारची, म्हणजे चायना ग्रासची, जेली करून पाहिली, पण जमेना. मुंबईच्या दमट हवेत अगारच्या पाठीवर पाणी सुटतं आणि पिल्लं त्यात पोहतात. शिवाय अगार वरून पाहता येतं, पण मुळाच्या चहूबाजूंनी काय चाललंय ते दिसत नाही.

मॅडमच्या ओळखीच्या एका लॅबमधून प्लुरॉनिक एफ-१२७ ची पूड मिळाली. हा पदार्थ अगारच्या उलट वागतो. चायना ग्रास थंड झालं की थिजतं, हे थंड असताना पाण्यासारखं पातळ असतं आणि खोलीच्या तापमानाला आलं की थिजतं. २३ टक्क्यांचं द्रावण करायचं, रात्रभर फ्रिजमध्ये विरघळू द्यायचं, बर्फावर ठेवून त्यात पिल्लं मिसळायची, डिशमध्ये ओतायचं आणि थिजायच्या आत रोप बसवायचं. हात भरभर चालवायला लागतो. बर्फ कमी पडला तेव्हा मामा समोरच्या सरबतवाल्याकडून पिशवीभर घेऊन आले. "पोरी, माशाला लावायचाय का झाडाला?" असं विचारलंन. त्यांना डिश दाखवली. थिजलेल्या जेलमधून खालची अक्षरं वाचता येतात इतकं ते स्वच्छ असतं. हेच हवं होतं.

५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आई घट मांडत होती, मी सहाच्या लोकलने निघाले.

पाच दिवसांचं टोमॅटोचं रोप, मूळ दोन सेंटिमीटर. पिल्लं जेलमध्ये सगळीकडे सारखी विखुरलेली. पावणेनऊला डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली.

पहिला अर्धा तास काहीच घडलं नाही. पिल्लं जागच्या जागी, दिशाहीन. मग टोकापासून चार-पाच मिलिमीटरवरच्या काहींची चाल बदलली. आधी ती वळत, थांबत, मागे फिरत होती. आता वळणं कमी झाली आणि डोकं डावी-उजवीकडे हलवत ती सरळ मुळाकडे सरकू लागली. साडेदहाला मुळाभोवती धुरकट झालर दिसायला लागली. साडेअकराला त्या झालरीत एकेक पिल्लू मोजता येईना.

सगळ्यात जास्त गर्दी अगदी टोकाशी नव्हती. टोकावर मुळाची टोपी असते. ती टोपी सोडून जरा मागे, जिथे पेशी लांबट होत असतात आणि साल अजून कोवळी असते, तिथे ती जमली होती. एका पिल्लावर मोठं भिंग धरलं. ओठ सालीला टेकवले. सुळा बाहेर, आत, बाहेर, आत, शिवणयंत्राच्या सुईसारखा. पाच-सहा टोच्यांनंतर ते केसभर सरकलं आणि पुन्हा सुरू. तिसऱ्या जागी टोचणं थांबलं, सुळा रुतला, आणि हळूहळू डोकं आत गेलं. मी श्वास रोखून बघत होते.

आत गेल्यावर ते पेशी फोडत नाही, दोन पेशींच्या मधून सरकतं. आधी खाली टोकाकडे जातं, तिथून वळसा घेऊन मुळाच्या मधल्या वाहिन्यांच्या दांड्यात वर चढतं. तिथे काही पेशींना असं वळण लावतं की त्या अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी बनतात आणि आयुष्यभर तिला पोसतात. मग ती फुगते आणि तिचं चालणं कायमचं थांबतं. म्हणून हा शोध तिच्यासाठी एकदाच आहे. एकदा बसली की पुन्हा उठणं नाही.

८ डिसेंबर

रविवार, घरीच वाचन. सूत्रकृमीच्या डोक्याच्या दोन बाजूंना दोन खड्डे असतात, ॲम्फिड. त्यात चेतापेशींची टोकं बाहेरच्या पाण्याला भिडलेली असतात. नाक म्हणा, जीभ म्हणा, दोन्ही तेच. ह्याबद्दल आपल्याला जे नीट कळलंय ते तिच्या मोकळ्या बहिणीकडून, सीनोरॅब्डायटिस एलेगन्सकडून. तिच्या उभयलिंगी प्रौढात एकूण ३०२ चेतापेशी, त्यातल्या बारा-बारा प्रत्येक ॲम्फिडमध्ये. १९७३ मध्ये वॉर्ड यांनी दाखवलं की ती चालताना डोकं दोन्हीकडे हलवते आणि जिकडे द्रव्य जास्त तिकडे वळते. गुरुवारी मी बघितलं ते डोकं हलवणं हेच.

मुळातून निघणाऱ्या सगळ्या गोष्टी सारख्या लांब जात नाहीत. हे मला आमच्या गल्लीवरून समजलं. एप्रिल-मेमध्ये लालबागला मिरची गल्लीत मसाले कुटायला लागतात, तेव्हा पुलावरून बसमधूनच कळतं की लालबाग आलं. उतरून गल्लीत शिरलं की धणे वेगळे, दगडफूल वेगळं. आणि आमची नेहमीची गिरणी कुठली ते दारात उभं राहूनच. सूत्रकृमीचंही तसंच. मूळ श्वास घेतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो वायू मातीच्या पोकळ्यांतून लांब पसरतो, पण तो प्रत्येक मुळाचा सारखाच, आणि सडणाऱ्या पालापाचोळ्याचाही. त्याने एवढंच कळतं की तिकडे काहीतरी जिवंत आहे. जवळ आल्यावर उडणारी सुगंधी द्रव्यं. आणि अगदी अंगाशी पाण्यात विरघळणारी, साखरा, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं, ज्यांचा पल्ला मिलिमीटरचा.

केनियात मिरचीच्या मुळांवर केलेलं काम २०१७ साली आलं. त्यात मुळाच्या वासातलं सूत्रकृमीला सगळ्यात जास्त खेचणारं द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट निघालं. म्हणजे कंबरदुखीवर चोळायच्या मलमाचा वास. आणि जी मिरची त्यांना नकोशी वाटली तिच्या मुळात थायमॉल होतं. थायमॉल म्हणजे ओव्याचा वास. आजींना सांगितल्यावर त्या लगेच ओवा घेऊन गच्चीवर निघाल्या होत्या. त्यांना थांबवलं. तेवढा ओवा मुळांनाच भाजेल, आणि प्रयोग द्रव्याचा होता, बरणीतल्या ओव्याचा नाही.

१३ डिसेंबर

आज आनंद झाला आणि दुपारी ओसरला.

टोमॅटोची रोपं दोन दिवस ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून ते पाणी गाळून घेतलं. डिशच्या एका कडेला त्या पाण्याचा जेल, दुसऱ्या कडेला साध्या ऊर्ध्वपातित पाण्याचा, मध्ये पिल्लं. चार तासांनी मोजलं. चारही डिशमध्ये मुळाच्या पाण्याकडची पिल्लं दुसऱ्या कडेच्या दुपटीहून जास्त. मी आलेखसुद्धा काढला.

मॅडमनी आलेख बघितला. "सामू घेतलास?" सामू म्हणजे पीएच, पाणी किती आंबट त्याचं माप. नव्हता घेतला. कागद बुडवला तर मुळाचं पाणी पाचच्या आसपास, म्हणजे आंबट.

मग २००९ चा शोधनिबंध पुढ्यात आला. वँग, ब्रूनिंग आणि विल्यमसन यांनी ह्याच प्लुरॉनिकमध्ये दाखवलंय की गाठीवाल्या सूत्रकृमी ४.५ ते ५.४ सामूच्या पट्ट्यात आपोआप गोळा होतात, तिथे मूळ असो वा नसो. कार्बन डायऑक्साइडची ओढही पाण्यात विरघळून होणाऱ्या आम्लामुळेच, असा त्यांचा निष्कर्ष. संध्याकाळी एका डिशमध्ये मुळाच्या पाण्याऐवजी किंचित व्हिनेगर टाकलेलं पाणी लावून पाहिलं. पिल्लं तिकडे गेली. म्हणजे माझा आलेख टोमॅटोबद्दल काहीच सांगत नव्हता, आंबटपणाबद्दल सांगत होता.

आलेख वहीतून काढला नाही. वर लाल शाईत "सामू सारखा नव्हता" लिहून ठेवला.

१६ डिसेंबर

जेलमध्ये ब्रोमोक्रेसॉल पर्पल घातलं. हा रंग साध्या पाण्यात जांभळा आणि आम्लात पिवळा होतो. जांभळ्या जेलमध्ये टोमॅटोचं रोप ठेवून जेवायला गेले. परत आले तर मुळाच्या शेंड्याच्या जरा मागे पिवळं वलय, हळदीचा हात लागावा तसं, बाहेरच्या कडेला विरत गेलेलं. गुरुवारची झालर जिथे होती नेमकं तिथेच. मूळ वाढताना प्रोटॉन बाहेर सोडतं, त्याने भोवती आंबट होतं, पेशींच्या भिंती सैल होतात आणि पेशी लांब होते. झाडाची वाढ जिथे सगळ्यात जोमाने चाललीय तीच जागा सूत्रकृमीला दिसते. हे द्रव्य झाडाला आवरता येणार नाही. आवरलं तर मूळच वाढायचं नाही.

मामांनी डिश उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "म्हणजे मुळाने दिवाच लावून ठेवलाय की."

१९ डिसेंबर

दोन्हीकडे बफर, म्हणजे सामू बदलू न देणारं द्रावण, घालून सामू सारखा केला. सहा डिश. मुळाचं गाळलेलं पाणी आणि साधं पाणी, फरक जवळजवळ उरला नाही. पण बफर घातलेल्या जेलमध्ये जिवंत रोप ठेवलं तर पिल्लं तरीही मुळाशी जमली, उशिरा आणि कमी, पण जमली. दोन अर्थ निघू शकतात. मुळाला लागून बफरलाही न जुमानणारं आंबट वलय उरत असेल. किंवा आम्लाखेरीज दुसरं काहीतरी आहे आणि ते गाळून ठेवलेल्या पाण्यात टिकत नाही, उडून जातं. मला दुसऱ्याची शक्यता जास्त वाटते, पण माझ्या डिशमधून ते सिद्ध होत नाही. अहवालात दोन्ही लिहीन.

२२ डिसेंबर

झेंडू. दादरच्या फूलबाजारात झेंडूचे ढीग रोज बघते, पण मला मुळं हवी होती, म्हणून नर्सरीतून रोपं आणली. १९५८ मध्ये नेदरलँड्समध्ये उलेनब्रुक आणि बायलू यांनी झेंडूच्या मुळातलं सूत्रकृमी मारणारं द्रव्य ओळखलं, अल्फा-टर्थिएनिल.

मला वाटलं होतं पिल्लं झेंडूपासून पळतील. तसं झालं नाही. डिशमध्ये ती झेंडूच्या मुळाकडेही गेली, टोमॅटोपेक्षा कमी. श्वास तर झेंडूही घेतो आणि मुळाचा शेंडा त्याचाही आंबट. म्हणजे झेंडू हे कुंपण कमी आणि सापळा जास्त. आत शिरलेल्या पिल्लाची पुढे वाढ होत नाही. शेतात टोमॅटोच्या आधी दोनेक महिने झेंडू दाट लावतात, तो ह्याचसाठी.

आजींनी विचारलं, देव्हाऱ्यातलं निर्माल्य ड्रममध्ये टाकलं तर चालेल का. खत म्हणून टाका म्हटलं, पण सूत्रकृमीला त्याने काही होणार नाही. काम जिवंत मुळाचं आहे, फुलाचं नाही. दुसऱ्या ड्रममध्ये आज बुटक्या झेंडूची आठ रोपं लावली.

३ जानेवारी २०२५

वाचताना एक गोष्ट सापडली आणि रात्री झोप येईना.

आतापर्यंत मी एकतर्फी वाहतूक धरून चालले होते, मूळ गळतं आणि सूत्रकृमी ऐकते. पण सूत्रकृमीही गळते. तिच्या अंगातून ॲस्केरोसाइड नावाची द्रव्यं बाहेर पडतात, साखरेला चरबीची शेपटी जोडलेली. त्यांच्याच भाषेत त्या एकमेकींशी बोलतात. २०१५ मध्ये असं छापून आलं की झाडांनाही ही भाषा कळते. वनस्पतींना लागणाऱ्या सूत्रकृमींमध्ये क्रमांक १८ चं ॲस्केरोसाइड सर्वांत जास्त सापडतं. ते अत्यल्प प्रमाणात जरी मुळाला लागलं तरी टोमॅटो, बटाटा, बार्ली ही झाडं सावध होतात आणि नुसत्या सूत्रकृमीलाच नाही, काही बुरशी, जीवाणू आणि विषाणूंनाही जास्त तोंड देतात.

२०२० मध्ये त्याच्या पुढचं आलं. झाड ते १८ क्रमांकाचं द्रव्य आत घेतं, त्याची शेपटी तोडून आखूड करतं, क्रमांक ९ चं बनवतं आणि मुळातून बाहेर सोडतं. आणि हे मिश्रण नव्याने येणाऱ्या पिल्लांना दूर सारतं. बहुधा त्यांना वाटत असावं की इथे आधीच गर्दी झाली. म्हणजे झाड शत्रूचंच बोलणं थोडं बदलून त्याला परत ऐकवतं.

मॅडमना सकाळी सांगितलं तर त्या हसल्या. "आता कळलं का, हा विषय कापून छोटा का केला?" ॲस्केरोसाइड विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेर आहे. पण एक गोष्ट करता येईल. ज्या पाण्यात खूप पिल्लं तीन दिवस राहिली ते पाणी गाळून रोपांना आधी द्यायचं आणि मग त्याच रोपांकडे नवी पिल्लं किती जातात ते मोजायचं. सामू सारखा करूनच.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन आजींकडे गेले आणि गच्चीवरच बसलो. त्यांना आता काय करायचं ते सांगून ठेवलं.

माती एका ड्रमातून दुसऱ्यात टाकायची नाही. सूत्रकृमी स्वतः चालत वर्षाला फार तर मीटरभर जाईल, तिला लांब नेतो तो आपला खुरपा आणि रोपाबरोबर आलेली माती. त्यांच्याकडेही ती रोपांबरोबरच आली असणार, म्हणून विकतचं रोप घेताना पिशवी फाडून मुळं बघायची. निंबोळी पेंड मातीत मिसळायची. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पसरायची आणि वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट दाबून महिनाभर ठेवायचं. काळं प्लास्टिक उन्हात स्वतः तापतं, पारदर्शकाखाली माती तापते.

बियाण्याच्या पाकिटावर "सूत्रकृमी प्रतिकारक" लिहिलेलं असतं ते घेऊ का, असं त्यांनी विचारलं. त्या जातींत एमआय नावाचा जनुक असतो, जंगली टोमॅटोतून आणलेला. पण मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की तो साथ देत नाही. दुपारी ड्रमच्या मातीत थर्मामीटर खोचला होता. जानेवारीत ३० दाखवला. सिमेंटच्या गच्चीवर, निळ्या प्लास्टिकमध्ये, मुंबईत त्या जनुकाच्या भरवशावर राहता येणार नाही.

"म्हणजे झेंडू," आजी म्हणाल्या.

२५ जानेवारी

पिल्लांच्या पाण्याचा प्रयोग: पाच रोपांना ते पाणी, पाचांना साधं. तीन दिवसांनी नवी पिल्लं सोडली, मग मुळं ॲसिड फ्युक्सिनने रंगवून आत शिरलेली मोजली. रंगवून मग जादा रंग उतरवला की मूळ फिकट होतं आणि आतली पिल्लं गुलाबी धाग्यांसारखी उठून दिसतात. पाचांपैकी चार रोपांत कमी, एकात उलट जास्त. पाच रोपांवरून काही म्हणू नये. आकडे परिशिष्टात जातील.

६ फेब्रुवारी

अहवाल दिला. तोंडी परीक्षेत विचारलं, आम्लाची ओढ माहीत असून तिचा उपयोग काय? मी म्हटलं, मुळाचा शेंडा आंबट राहणारच, त्यामुळे ती खूण पुसता येणार नाही. पण मातीत दुसरीकडे खोट्या खुणा ठेवता येतील का, किंवा ॲस्केरोसाइडसारखं "इथे जागा नाही" असं मुळाकडून म्हणवून घेता येईल का, हे बघण्यासारखं आहे. शिदोरी संपेपर्यंत वाट चुकवली तरी पुरे, मारायची गरज नाही. परीक्षकांनी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी दुसऱ्या ड्रममधल्या झेंडूच्या मुळाजवळची मूठभर माती फनेलमध्ये लावली. ह्या वेळी सुळा बघून मोजणार. झेंडू अजून पंधरा दिवस राहील, मग तिथे टोमॅटो, आणि तुलनेसाठी शेजारच्या झेंडू न लावलेल्या ड्रममध्येही टोमॅटो, एकाच पाकिटातला. आजींनी कालनिर्णयची पानं उलटून एप्रिलच्या पहिल्या रविवारी चौकोनात पेन्सिलीने लिहिलंय: दोन्ही टोमॅटो उपटून मुळं बघणे.